पपनसाचा सूर्य, राजगिऱ्याची पृथ्वी

शालेय विज्ञान प्रदर्शनात सूर्यमालेची प्रतिकृती नाही, असे सहसा होत नाही. काळ्या कागदाने मढवलेला पुठ्ठा, मधोमध पिवळा दिवा आणि भोवती तारांवर टोचलेले थर्मोकोलचे रंगीत गोळे. गुरू मोठा, बुध लहान, शनीला कडे. वर्गातला तक्ता आणि पाठ्यपुस्तकातली आकृतीही याच घाटाची असते. ग्रहांचा क्रम पाठ होण्यापुरते हे सगळे ठीक आहे. पण एखाद्या चौकस विद्यार्थ्याने त्या आकृतीकडे बोट दाखवून पुढचा प्रश्न विचारला, की ती आकृती चुकीची उत्तरे द्यायला लागते.

ग्रहणाचाच प्रश्न घ्या. दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, असे उत्तर आपण देतो. विद्यार्थी आकृतीत पाहतो. तेथे पृथ्वी ३ सेंटिमीटर व्यासाची आणि चंद्र तिच्यापासून ५ सेंटिमीटरवर काढलेला असतो. इतक्या अंतरावर ५ अंशांचा कल म्हणजे चंद्र जेमतेम ४ मिलिमीटर वर किंवा खाली जाणार. मग त्याची सावली पृथ्वीवर पडायलाच हवी! विद्यार्थ्याची शंका अगदी रास्त आहे. त्या आकृतीप्रमाणे खरोखरच दर महिन्याला ग्रहण व्हायला हवे. दोष उत्तरात नाही, आकृतीत आहे. गोळ्यांचे आकार एका प्रमाणात आणि त्यांच्यातील अंतरे भलत्याच प्रमाणात काढली, की असे होते.

तेव्हा प्रतिकृती करायची तर अट एकच ठेवावी : आकार आणि अंतर दोन्हींना एकच प्रमाण. ही अट पाळली की पुठ्ठा अपुरा पडतो आणि आपल्याला मैदानावर यावे लागते. खर्च मात्र उलट कमी होतो.

ग्रहांसाठी सर्वांत सोयीचे प्रमाण म्हणजे एकास एक हजार कोटी. आकडा ऐकून बिचकू नये, कारण हिशेब तोंडी करता येतो. एक कोटी किलोमीटर म्हणजे आपला एक मीटर, आणि दहा हजार किलोमीटर म्हणजे एक मिलिमीटर. सूर्य पृथ्वीपासून १५ कोटी किलोमीटरवर आहे, म्हणून प्रतिकृतीत १५ मीटरवर. कोटीत आकडे मोजणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे प्रमाण जणू मुद्दाम बेतल्यासारखे आहे.

या प्रमाणात सूर्याचा व्यास १४ सेंटिमीटर येतो. बेताचे पपनस त्याला चालेल. ते मिळाले नाही तर पिवळ्या पुठ्ठ्याची त्या मापाची चकती काठीवर लावावी. बाकीचे सामान स्वयंपाकघरातून जमवायचे. व्यास, सूर्यापासूनचे सरासरी अंतर आणि सुचवलेली वस्तू खाली दिली आहे.

बुध : ०.५ मि.मी. : ५.८ मीटर : रव्याचा कण
शुक्र : १.२ मि.मी. : १०.८ मीटर : राजगिऱ्याचा दाणा
पृथ्वी : १.३ मि.मी. : १५ मीटर : राजगिऱ्याचा दाणा
मंगळ : ०.७ मि.मी. : २२.८ मीटर : खसखशीचा दाणा
गुरू : १४ मि.मी. : ७८ मीटर : काचेची गोटी
शनी : १२ मि.मी. : १४३ मीटर : रिठ्याची बी
युरेनस : ५ मि.मी. : २८७ मीटर : मिरी
नेपच्यून : ५ मि.मी. : ४५० मीटर : मिरी

दाणे सारखे नसतात, म्हणून ते मापूनच घ्यावेत. एकच दाणा पट्टीवर ठेवून मापता येत नाही. राजगिऱ्याचे २० दाणे पट्टीच्या कडेला एकमेकांना चिकटवून ओळीने मांडायचे आणि ओळीची लांबी २० ने भागायची. अडीच सेंटिमीटरची ओळ झाली तर दाणा सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे पृथ्वी मिळाली. प्रयोगशाळेत सूक्ष्ममापी असेल तर उत्तमच, पण सरासरी काढण्याची ही रीत त्याहून अधिक शिकवते. ग्रह पांढऱ्या किंवा काळ्या कार्डावर गोंदाने चिकटवून खाली नाव लिहावे, नाहीतर पृथ्वी शोधण्यात तास जायचा.

मांडणीला कबड्डीचे मैदान सोयीचे. ते १३ मीटर लांब असते. एका अंत्यरेषेवर सूर्य ठेवला की बुध आणि शुक्र मैदानात बसतात आणि पृथ्वी पलीकडच्या रेषेबाहेर दोन मीटरवर जाते. मंगळ क्रिकेटच्या खेळपट्टीहून थोडा लांब. इथपर्यंत विद्यार्थ्यांना गंमत वाटते. मंगळानंतर गुरूपर्यंत ५५ मीटर रिकामे चालावे लागते, तेव्हा बडबड थांबते. शनी बहुधा शाळेच्या फाटकाबाहेर जातो. युरेनस आणि नेपच्यून यांच्यासाठी गावातला सरळ रस्ता हवा. तो नसेल तर गावाच्या नकाशावर शाळा केंद्र धरून वर्तुळे काढावीत आणि नेपच्यून एस. टी. स्थानकाजवळ येतो की पोस्टाजवळ, ते शोधावे. ग्रह एका ओळीत ठेवू नयेत. ते तसे क्वचितही नसतात. प्रत्येकाला वेगळी दिशा द्यावी.

अशी मांडणी सुचवण्यात नवे काहीच नाही. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे चिरंजीव जॉन हर्शेल यांनी १८३३ मधील आपल्या खगोलशास्त्राच्या पुस्तकात दोन फूट व्यासाचा गोल सूर्य मानून, सपाट शेतात वाटाण्याएवढी पृथ्वी आणि संत्र्याएवढा गुरू किती अंतरावर ठेवावा, हे सांगितले होते. त्या काळी श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत चक्रे फिरवून ग्रह नाचवणारी यंत्रे असत. त्यांची हर्शेल यांनी पोरखेळ म्हणून संभावना केली होती. आपल्या प्रदर्शनातल्या पुठ्ठ्याबद्दल ते काय म्हणाले असते, याचा अंदाज करावा! आपण घेतलेल्या एकास एक हजार कोटी याच प्रमाणातली कायमची मांडणी वॉशिंग्टनमध्ये २००१ साली रस्त्याच्या कडेने उभी करण्यात आली. स्वीडनमधील मांडणी सर्वांत अवाढव्य. तेथे स्टॉकहोममधल्या एका गोलाकार क्रीडागृहाला सूर्य मानले आहे आणि गुरू विमानतळापाशी आहे.

मांडणी झाल्यावर ग्रह गोळा करून वर्गात जाण्याची घाई करू नये. खरे काम आता सुरू होते. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे प्रतिकृतीत सेकंदाला तीन सेंटिमीटर. मुंगीसुद्धा साधारण याच चालीने चालते. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत फक्कीने दर ३० सेंटिमीटरवर खूण करावी. एका विद्यार्थ्याने घड्याळ लावून दर दहा सेकंदांनी एक खूण पुढे सरकायचे. तो पृथ्वीपाशी पोचतो तेव्हा ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद झालेली असतात. सूर्यप्रकाशाला आठ मिनिटे लागतात हे वाक्य सर्वांनी वाचलेले असते. उन्हात आठ मिनिटे मुंगीच्या चालीने सरकणाऱ्या मुलाकडे पाहत उभे राहणे, हा वेगळाच अनुभव आहे. याच चालीने नेपच्यूनला पोचायला ४ तास १० मिनिटे लागतील. आपण सहज चालत गेलो तर पाच-सहा मिनिटांत पोचतो, म्हणजे प्रतिकृतीत आपण प्रकाशाच्या सुमारे चाळीस पट वेगाने चालतो!

शाळेला मोठे पटांगण असेल, तर पृथ्वीची १५ मीटर त्रिज्येची कक्षा आखून ठेवावी. तिचा परीघ सुमारे ९४ मीटर भरतो. वर्षाचे दिवस ३६५, म्हणून पृथ्वीची खुंटी रोज २६ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर आणि वर दोन बोटे पुढे सरकवायची. मंगळ रोज २१ सेंटिमीटर, बुध तब्बल ४१. जूनपासून एप्रिलपर्यंत हा उपक्रम चालला तर मंगळ कधी पहाटे आणि कधी संध्याकाळी का दिसतो, हे पटांगणातच कळते.

१९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ हे यान २०२५ अखेर या प्रतिकृतीत सुमारे अडीच किलोमीटरवर पोचलेले आहे. आणि सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा, प्रॉक्झिमा? तो चार हजार किलोमीटरवर, आकाराने लहान आवळ्याएवढा. मुंबईत पपनस ठेवले तर तो आवळा सिंगापूरच्या आसपास ठेवावा लागेल.

आता उपग्रह. पहिल्या प्रतिकृतीत चंद्र राजगिऱ्याच्या दाण्यापासून ३.८ सेंटिमीटरवर येतो आणि त्याचा व्यास जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर होतो. टाचणीच्या टोकाने केलेला ठिपका म्हणा ना. चंद्राची सगळी कक्षा सूर्याच्या पपनसात आरामात मावते, हे दाखवायला ही मांडणी चांगली. पण उपग्रहांचे व्यवहार पाहायचे, तर प्रमाण शंभर पट मोठे घेतले पाहिजे : एक सेंटिमीटर म्हणजे एक हजार किलोमीटर.

या दुसऱ्या प्रमाणात पृथ्वी १२.७ सेंटिमीटरची, म्हणजे मध्यम रबरी चेंडूएवढी. चंद्र ३.५ सेंटिमीटरचा. तो शाडूचा वळावा आणि वाळल्यावर सायकलच्या जुन्या तारेवर टोचावा. आता दोन्ही गोळे विद्यार्थ्यांच्या हातात देऊन चंद्र योग्य अंतरावर धरायला सांगावे. बहुतेक जण तो हातभर अंतराच्या आतच धरतात. मग सुतळी घेऊन पृथ्वीभोवती साडेनऊ वेढे द्यायचे आणि ती उलगडून ताणायची. खरे अंतर ३ मीटर ८४ सेंटिमीटर भरते! ही सुतळीची युक्ती कोणत्याही मापाच्या चेंडूला लागू पडते, हे लक्षात ठेवावे. शाळेतला पृथ्वीगोल ३० सेंटिमीटरचा असेल, तर चंद्र ८.२ सेंटिमीटरचा आणि ९ मीटरवर. कृत्रिम उपग्रहही याच वेळी दाखवावेत. दूरदर्शनचे कार्यक्रम पोचवणारे इन्सॅट मालिकेतले उपग्रह चेंडूच्या पृष्ठभागापासून ३६ सेंटिमीटरवर, तर अंतराळवीर जेथे महिनोन्महिने राहतात ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फक्त ४ मिलिमीटरवर. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, ते ही सगळी सुतळी ओलांडून.

सूर्याचे काय? या प्रमाणात तो १४ मीटर व्यासाचा आणि दीड किलोमीटर लांब. तो करण्याची गरज नाही, कारण तो आकाशात तयार आहे. आकार आणि अंतर एकाच प्रमाणात लहान केले, की पाहणाऱ्याच्या डोळ्याशी होणारा कोन बदलत नाही. चौदा मीटरचा गोळा दीड किलोमीटरवरून जेवढा दिसेल, तेवढाच, म्हणजे सुमारे अर्ध्या अंशाचा, खरा सूर्य दिसतो. म्हणून खऱ्या उन्हात धरलेली प्रमाणबद्ध प्रतिकृती खऱ्या ग्रहणासारखीच सावली पाडते. या लेखातला एकच प्रयोग करायला वेळ असेल, तर हा करावा.

सकाळी सूर्य क्षितिजापासून २० अंशांच्या आसपास असताना शाडूचा चंद्र सुमारे दोन मीटर उंचीवर बांबूला पक्का बांधावा. हातात धरला तर तो हलतो आणि सगळे बिघडते. पांढरे कार्ड सावलीत, सूर्यकिरणांना काटकोनात धरून चंद्रापासून हळूहळू दूर न्यावे. एक मीटरवर मधला गडद भाग, म्हणजे प्रच्छाया, अडीच सेंटिमीटरची असते. भोवती फिकट उपच्छाया. दोन मीटरवर प्रच्छाया दीड सेंटिमीटरची होते, तीन मीटरवर सात मिलिमीटरची. पावणेचार मीटरच्या जरा पुढे ती नाहीशी होते, फक्त फिकट डाग उरतो. आणि पृथ्वी कोठे आहे? ३ मीटर ८४ वर! चेंडूची त्रिज्या वजा केली तर पृष्ठभाग ३ मीटर ७८ वर. चंद्राच्या प्रच्छायेचे टोक पृथ्वीपर्यंत कसेबसे पोचते किंवा थोडक्यासाठी पोचत नाही. कार्डाऐवजी डोळा ठेवून सूर्याकडे पाहण्याचा मोह मुलांना होणारच. तो कडकपणे मोडून काढावा. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, सावलीकडेच पाहायचे.

चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने आपल्या मापात त्याचे अंतर साधारण ३ मीटर ५७ पासून ४ मीटर ६ पर्यंत बदलते. २२ जुलै २००९ च्या ग्रहणात चंद्र जवळ होता, प्रच्छाया पृथ्वीवर पोचली आणि सुरत, भोपाळ, पाटणा या पट्ट्यावरून खग्रास ग्रहणाची सावली गेली. पावसाळी ढगांनी अनेकांची निराशा केली, ती गोष्ट वेगळी. पुढच्याच १५ जानेवारी २०१० ला चंद्र दूर होता. टोक अलीकडेच संपले आणि केरळ-तमिळनाडूच्या दक्षिण भागातून कंकणाकृती ग्रहण दिसले. कार्ड पाव-अर्धा मीटर पुढेमागे केले, की दोन्ही ग्रहणे समोर येतात. २००९ च्या त्या सावलीची रुंदी सुमारे २६० किलोमीटर होती, म्हणजे आपल्या चेंडूवर अडीच मिलिमीटरचा ठिपका. खग्रास सूर्यग्रहण एकाच गावाला पुन्हा दिसायला पिढ्यान्‌पिढ्या का जातात, हे त्या ठिपक्याकडे पाहून समजते.

आता सुरुवातीचा कलाचा प्रश्न सोडवता येतो. ३ मीटर ८४ अंतरावर ५ अंशांचा कल म्हणजे ३४ सेंटिमीटर. चंद्र पृथ्वीच्या पातळीच्या ३४ सेंटिमीटर वरपर्यंत आणि तेवढाच खालीही जाऊ शकतो, आणि पृथ्वी तर अवघी १२.७ सेंटिमीटरची! बहुतेक अमावास्यांना सावली चेंडूच्या वरून किंवा खालून निघून जाते. चंद्रग्रहणाचेही तसेच. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची प्रच्छाया ९ सेंटिमीटर रुंद असते. भिंतीवर ९ सेंटिमीटरचे वर्तुळ काढून त्याच्या मध्यापासून वर-खाली ३४ सेंटिमीटरवर रेघा माराव्यात आणि पौर्णिमेचा चंद्र या पट्ट्यात कोठेही असू शकतो, असे सांगावे. तो वर्तुळाला चुकवणार की लागणार, हे मुलेच सांगतात. लागला, आणि मधोमध लागला, तर मात्र त्याला बाहेर पडायला वेळ लागतो, कारण वर्तुळ त्याच्या अडीच पटींहून मोठे आहे. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतभर दिसलेल्या चंद्रग्रहणाची खग्रास स्थिती ८२ मिनिटे टिकली होती.

याच शाडूच्या गोळ्याने आणखी एक गोष्ट होते. संकष्टी चतुर्थीनंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी आठच्या सुमारास चंद्र पश्चिमेला उतरताना दिसतो. उंच बांबूवर गोळा लावून त्याच्यापासून ३ मीटर ८४ सेंटिमीटरवर असे उभे राहावे की गोळा चंद्राच्या शेजारी दिसेल. दोन्ही सारख्याच आकाराचे दिसतात. एवढेच नव्हे, दोघांच्या कलाही सारख्या असतात. चंद्राची जी कड अंधारात, तीच गोळ्याची. चंद्रकला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा समज पुष्कळ मोठ्यांच्याही मनात घर करून असतो. तो घालवण्यासाठी फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हा गोळा अधिक उपयोगी पडतो.

इतर ग्रहांचे उपग्रह याच प्रमाणात करायचे. मंगळ ६.८ सेंटिमीटरचा, लिंबाहून थोडा मोठा. त्याचा फोबॉस हा उपग्रह मंगळाच्या केंद्रापासून फक्त ९.४ सेंटिमीटरवर आणि आकाराने बारीक रेतीच्या कणाएवढा. तो इतका लहान आहे की मंगळावरून खग्रास सूर्यग्रहण कधी दिसतच नाही. क्युरिऑसिटी या गाडीने २०१३ मध्ये पाठवलेल्या छायाचित्रांत फोबॉस सूर्यबिंबाच्या मध्ये वेडावाकडा काळा ठिपका होऊन दिसतो.

गुरूसाठी गोळा करत बसू नये. लांब व्हरांड्याच्या मधोमध भिंतीवर खडूने १ मीटर ४० सेंटिमीटरचे वर्तुळ काढावे. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले चार उपग्रह त्याच्या केंद्रापासून असे येतात : आयो ४.२ मीटरवर, युरोपा ६.७ मीटरवर, गॅनिमीड १०.७ मीटरवर आणि कॅलिस्टो १८.८ मीटरवर. आकार अनुक्रमे ३.६, ३.१, ५.३ आणि ४.८ सेंटिमीटर. बुध या मापात ४.९ सेंटिमीटरचा, म्हणजे गॅनिमीड हा ‘उपग्रह’ बुध या ‘ग्रहा’पेक्षा मोठा आहे. यावर वर्गात वाद होऊ द्यावा. पृथ्वीवरून हे चार उपग्रह जवळजवळ एकाच रेषेत पुढेमागे होताना दिसतात, त्यामुळे सरळ व्हरांडा त्यांना फार योग्य. स्टँडवर बसवलेल्या साध्या द्विनेत्रीतून सलग चार-पाच रात्री गुरू पाहावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या चकत्या त्याप्रमाणे हलवाव्यात. आयो पावणेदोन दिवसांत गुरूला फेरी घालतो, युरोपा साडेतीन दिवसांत आणि गॅनिमीड सात दिवसांत. प्रत्येकाचा काळ आधीच्याच्या दुप्पट. हे विद्यार्थ्यांनी चकत्या हलवताना आपणहून शोधले, तर आधी सांगण्याची गरज नाही.

शनी १ मीटर २० सेंटिमीटरचा आणि त्याच्या मुख्य कड्यांचा बाहेरचा व्यास २ मीटर ७० सेंटिमीटर. येथे कागदाची किंवा पुठ्ठ्याची कडी लावण्याची पद्धत आहे, पण आपल्या अटीत ती बसत नाही. वहीचा कागद ०.१ मिलिमीटर जाड धरला तरी प्रतिकृतीत तो १० किलोमीटर होतो. कड्यांची खरी जाडी बहुतेक ठिकाणी शंभर मीटरच्याही आत आहे. तेव्हा शनी आणि त्याची कडी पटांगणावर फक्कीने आखलेली बरी. फक्कीचा थरही जाडच पडेल, पण पुठ्ठ्याहून पातळ.